पाणी बदलले की जाळे बदलते

सोलापूरचे नाव निघाले की चादर आठवते, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आठवते. पाठोपाठ दुष्काळ आठवतो. मासळी मात्र कोणालाच आठवत नाही. समुद्र कितीतरी दूर, आणि जिल्हा पर्जन्यछायेतला. अशा ठिकाणी जाळ्यांचा इतिहास शोधू पाहणे हा विनोदच वाटावा. परंतु पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाने भिगवण ते टेंभुर्णी ह्या टप्प्यात खिडकीबाहेर नजर टाकली, तर खानावळींच्या पाट्यांवर ज्वारीच्या भाकरीशेजारी मासळी दिसते. भिगवणला आणि इंदापूरला मासळीचे लिलाव होतात आणि तेथून माल पुण्याकडे व सोलापूरकडे जातो. ही मासळी उजनीची. आणि उजनीच्या पाण्यावर गेल्या साडेचार दशकांत जे घडले, त्यात एका फार जुन्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

प्रश्न असा की माणूस आपला मुलूख सोडून परमुलखात राहायला जातो, तेव्हा पोटापाण्याची कोणती हत्यारे त्याने बरोबर न्यावीत? सुतार आपली करवत नेतो, शिंपी कात्री नेतो, गवंडी थापी नेतो. ही हत्यारे सगळीकडे चालतात. मच्छीमाराचे तसे नाही. जाळे हे एका विशिष्ट पाण्याचे माप असते. त्या पाण्याची खोली, तळाची जात, प्रवाहाचा जोर, माशाच्या अंगाची जाडी आणि त्याची फिरण्याची वेळ, एवढे सगळे पिढ्यांच्या अनुभवातून त्या जाळ्यात विणलेले असते. पाणी बदलले की ते माप चुकते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची घरे किनाऱ्यावर आहेत. त्यांना डोलीचे उदाहरण पटेल. उत्तनपासून वसई-अर्नाळ्यापर्यंतच्या कोळ्यांची डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत जाणारे पिशवीसारखे जाळे. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधून ठेवतात. भरती-ओहोटीचे पाणी त्याच्या तोंडातून शिरते आणि बोंबील, जवळा, करंदी, मांदेली शेपटात साचतात. डोलकर माशामागे धावत नाही. पाणीच मासा आणून देते. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली मराठ्यांनी ती जिंकून घेतली. ह्या दोनशे वर्षांत किनाऱ्यावरच्या कित्येक कोळी कुटुंबांचा धर्म बदलला, नावे बदलली, लग्नाचे विधी बदलले. डोल बदलली नाही, कारण पाणी बदलले नव्हते. आता हीच डोल घेऊन एखादा वसईकर सोलापूर जिल्ह्यात आला, तर ती त्याच्या काय उपयोगाची? तिला दिवसातून दोनदा येणारी भरती हवी. उजनीला भरती वर्षातून एकदाच येते, पावसाळ्यात. आणि ओहोटी पुढच्या मृगापर्यंत चालते.

उजनीच्या बाबतीत विशेष असे, की येथल्या मासेमारांना परमुलखात जावे लागलेच नाही. ते होते तेथेच राहिले. परमुलूखच त्यांच्या दारात आला.

धरणापूर्वीची भीमा डोळ्यांसमोर आणावी. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी सोलापूर जिल्ह्यात येते तेव्हा तिचे पात्र रुंद आणि उथळ झालेले असते. पंढरपूरला ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहणारी नदी उन्हाळ्यात आटून डोहाडोहांत राही. ह्या नदीवर जगणारे लोक म्हणजे प्रामुख्याने भोई व कोळी. सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी भोयांची ओळख पालखी वाहणारे अशी होती, आणि पालखीच्या जोडीला मासेमारी हा त्यांचा जुना व्यवसाय होता. रस्ते झाले, रेल्वे आली, पालख्या गेल्या. भोयाच्या खांद्यावरचा भार उतरला आणि त्याच्याबरोबर मजुरीही गेली. मग नदी हाच आधार उरला.

नदीचे हत्यार साधे होते. फेकजाळे हे त्यातले मुख्य. कोकणात त्यालाच पाग म्हणतात. कडेला शिशाच्या किंवा लोखंडाच्या गोळ्या लावलेले हे गोल जाळे, गुडघाभर किंवा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून असे फेकायचे की हवेत ते छत्रीसारखे उघडावे आणि माशांवर टोपलीसारखे पडावे. वाम आणि मरळ ह्यांच्यासाठी गळ. ओढ्याच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचे सापळे. आणि पाणी ओलांडायला सांगड, म्हणजे वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेला तरता आधार. आज आपण दोन गोष्टींची ‘सांगड घालतो’ तेव्हा ह्या भोपळ्यांची आठवण कोणालाही होत नाही. पण तो शब्द अशाच पाण्यावरून भाषेत आला आहे. एका माणसाच्या खांद्यावर मावेल आणि एका माणसाच्या हाताला झेपेल, एवढाच हा सारा संसार.

जाळ्याचा धागा सणाचा किंवा सुताचा. पाण्यात तो कुजतो. म्हणून रोज धुवावा, वाळवावा लागे. किनाऱ्यावरचे कोळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात जाळी भिजवत, तेही कुजण्यापासून वाचवण्यासाठीच. जाळे विणणे, तुटलेले सांधणे, धुणे, वाळवणे ह्यांत घरातली सगळी माणसे गुंतलेली असत. जाळे विकत आणायची वस्तू नव्हती. ते घरातच वाढत असे.

१९८० साली माढा तालुक्यातील उजनी येथे भीमेवरचे धरण पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी त्यात मावते. त्यांतले सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा; कालव्यातून तो सोडता येत नाही. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत ह्या तालुक्यांत पाण्याचे हात पसरले. गावे, शिवार, विहिरी, देवळे पाण्याखाली गेली. दुष्काळी वर्षात पाणी फार खाली गेले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ वर येते आणि माणसे ते पाहायला जातात. ज्यांची शेती बुडाली त्यांच्या पुनर्वसनाची कहाणी निराळी आणि दीर्घ आहे. येथे विचार करायचा तो त्या माणसांचा, ज्यांची शेती नव्हतीच. ज्यांची नदी बुडाली.

नदी बुडाली हे शब्द विचित्र वाटतील, पण ते खरे आहेत. भोयाला ठाऊक असलेले डोह, धार, वाळूचे पट्टे, माशांच्या चढणीच्या जागा हे सगळे कित्येक पुरुष पाण्याखाली गेले. फेकजाळे उथळ पाण्याचे; खोल पाण्यात ते तळाला पोचेपर्यंत मासा निघून गेलेला असतो. ओढायचे जाळे वापरावे, तर तळाशी बाभळीची खोडे, बांध, पडक्या घरांच्या भिंती. जाळे अडकते आणि फाटते. बुडालेल्या गावच्या माणसाचे जाळे त्याच्याच जुन्या विहिरीच्या काठाला अडकावे, असा हा नवा मुलूख होता. गळ चालत राहिला. पण गळाने एका घरापुरते मासे मिळतात, बाजार भरत नाही.

त्यात मासाही बदलला. वाहत्या पाण्यातल्या माशांना साठलेले पाणी मानवत नाही; वीण घालण्यासाठी त्यांना धार लागते. त्यांची संख्या घटली आणि जलाशयात नवे मासे सोडले गेले. कटला, रोहू आणि मृगळ हे तिघेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. ते बंद पाण्यात सहसा वीण घालत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी ह्यांनी ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन ह्या माशांची वीण घडवून आणली. तेव्हापासून बीज हवे तितके तयार करणे शक्य झाले आणि देशभरातल्या धरणांत ते सोडता येऊ लागले. दुसरा पाहुणा अधिक दुरून आला. मोझांबिकचा तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. उजनीच्या परिसरात त्याला चिलापी म्हणतात, आणि आज तोच येथल्या ताटातला ओळखीचा मासा झाला आहे. पाणी नवे, त्यातला मासा परमुलखातला, आणि काठावरचा माणूस तेवढा जुना, अशी ही गाठ पडली.

येथे शुभवर्तमानाची आठवण येणे स्वाभाविक आहे; कारण गालीलचा समुद्र हाही खरा समुद्र नव्हे. ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे १६६ चौरस किलोमीटर. पूर्ण भरलेले उजनीचे पाणी त्याहून मोठे ठरते. आपण शुभवर्तमान वाचताना सरसकट ‘जाळे’ एवढेच समजून पुढे जातो. मूळ ग्रीकमध्ये मात्र हत्यारांचा भेद काळजीने राखलेला आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात शिमोन आणि अंद्रिया किनाऱ्याजवळ जे टाकत होते ते ‘आंफिब्लेस्त्रॉन’, म्हणजे आपले फेकजाळे. तेराव्या अध्यायातल्या दाखल्यात येते ती ‘सागेने’, म्हणजे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढायचे लांबलचक जाळे. मालवण-गोव्याकडची रापणच ती. ‘दिक्तुऑन’ हा जाळ्यांसाठीचा सर्वसाधारण शब्द. आणि मत्तयाच्याच सतराव्या अध्यायात, जेथे माशाच्या तोंडात नाणे सापडते, तेथे प्रभू पेत्राला जाळे टाकायला सांगत नाही. गळ टाकायला सांगतो.

ह्या गळावरून एक उद्बोधक चर्चा झालेली आहे. गालीलच्या तिलापियाला लोक परंपरेने ‘संत पेत्राचा मासा’ म्हणतात. पण हा मासा पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवर जगतो. गळाच्या आमिषाला तो सहजी लागत नाही. म्हणून गालीलच्या मासेमारीचे काही अभ्यासक म्हणतात, की नाणे असलेला मासा तिलापिया नसून मिशांचा बार्बेल असावा. हत्यार कोणते हे कळले की मासा कोणता हेही कळते. लूकाच्या पाचव्या अध्यायात शिष्य रात्रभर कष्ट करतात आणि सकाळी जाळी धुताना दिसतात. त्या काळची जाळी तागाची. दिवसा ती माशांना दिसत, म्हणून मासेमारी रात्रीची. आणि ओली राहिली तर कुजत, म्हणून सकाळी धुणे अटळ. आपल्या सणाच्या जाळ्यांचीही तीच दिनचर्या होती. १९८६ साली दुष्काळाने गालीलचे पाणी ओसरले, तेव्हा चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराची एक नाव सापडली. सव्वाआठ मीटर लांबीच्या त्या नावेला निरनिराळ्या जातींच्या लाकडांचे जोड लावलेले आढळले. हाताशी मिळेल त्या लाकडाने दुरुस्त करीत वापरलेली ती गरिबांची नाव होती. पाणी ओसरले की पळसदेवचे देऊळ वर यावे, तशीच तीही वर आली.

आता उजनीकडे परत येऊ. नव्या पाण्याने जे जाळे मागितले, ते उभे जाळे होते. पडद्यासारखे पाण्यात टांगलेले. वरच्या कडेला तरंगणारे बोये, खालच्या कडेला वजन. मासा पोहत येतो, त्याचे डोके जाळ्याच्या डोळ्यातून शिरते, अंग शिरत नाही, आणि मागे सरताना कल्ले अडकतात. हे जाळे तळ घासत नाही, म्हणून बुडालेली झाडे आणि भिंती त्याला फारशा आड येत नाहीत. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तेव्हा कोणाला धरायचे त्यावर जाळे वर तरंगते ठेवायचे की खाली सोडायचे हे ठरते. नदीत हात जे करीत होते, ते येथे टांगण्याच्या खोलीने करायचे.

आणि धागा आला तंगुसाचा. अमेरिकेत १९३५ साली शोधल्या गेलेल्या नायलॉनने जगभरच्या मासेमारीचे रूप पालटले. तंगूस कुजत नाही, धुवावे-वाळवावे लागत नाही, आणि पाण्यात जवळजवळ दिसतच नाही. म्हणून दिवसाही चालतो. लाभ मोठे, पण त्यांची किंमतही मोठी. घरात विणले जाणारे जाळे दुकानातून येऊ लागले. मग पैसा आला, आणि पैसा हाती नसला की व्यापाऱ्याची उचल आली. उचल घेतलेल्या माणसाचा मासा पाण्यात असतानाच विकला गेलेला असतो. शिवाय जो धागा कुजत नाही तो हरवल्यावरही कुजत नाही. तळाशी अडकून सुटलेला तंगुसाचा तुकडा, कोणी मालक नसताना, मासे मारीत राहतो. सणाचे जाळे हरवले तर तेच मातीत मिळून जाई.

नाव हेही हत्यारच. नदी ओलांडायला भोपळ्यांची सांगड पुरत असे; मैलोन्‌मैल मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात, तेथे तिचे काय चालणार? होड्या आल्या, ज्यांना होडी परवडत नाही ते महाराष्ट्रातल्या अनेक जलाशयांवर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून आजही जाळी टाकतात. गालीलच्या सरोवरावर अकस्मात उठणाऱ्या वादळाचे वर्णन शुभवर्तमानात आहे. उजनीलाही तशी वादळे होतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. धरणापूर्वी हे दोन काठ एकाच नदीचे होते. नदीच्या सवयीने समुद्र ओलांडावा लागणे, हा ह्या स्थलांतराचा सर्वांत क्रूर भाग आहे.

आतापर्यंत जे सांगितले ते पाण्याने ठरवलेले. जाळ्यातली एक गोष्ट मात्र पाणी ठरवीत नाही; ती माणूस ठरवतो. ती म्हणजे जाळ्याचा डोळा. किनाऱ्यावर त्याला आस म्हणतात आणि सरकारी नियमांतही तोच शब्द आहे. उभ्या जाळ्याचा आस केवढा, त्यावर केवढा मासा अडकणार आणि केवढा सुटणार हे ठरते. मोठ्या आसाचे जाळे पिल्लांना जाऊ देते. ती वाढतात, वीण घालतात, पुढच्या वर्षी परत येतात. लहान आसाचे जाळे आजच सर्व काही घेते.

उजनीवर पुढे इतर जिल्ह्यांतून आणि इतर राज्यांतूनही मासेमार आले. पाणी मोठे, मासळी मुबलक; पोट भरायला माणूस आला तर त्यात गैर काही नाही. आपल्याही किती घरांतली माणसे आखातात पोट भरायला गेली! पण काठालगतचे पाणी बारीक आसाच्या जाळ्याने गाळून काढण्याची रीत येथे बोकाळली. तिला ‘वडाप’ म्हणतात. बोटाएवढी चिलापी, कटल्याची नुकती सोडलेली पिल्ले, सगळे त्यात येते. ती बेकायदा आहे. जाळी जप्त होतात, जाळली जातात, आणि काही दिवसांनी पुन्हा पाण्यात दिसतात. दोष एकट्या परक्यांचा म्हणावा तर तसेही नाही. ज्याच्या डोक्यावर उचल आहे, ज्याचे मोठ्या आसाचे जाळे चार दिवस रिकामे आले, तो स्थानिकही पाचव्या दिवशी बारीक जाळे घेतो. तसे केले नाही तर ती पिल्ले दुसरा कोणी नेणार, हे त्याला दिसत असते. एकट्याने आस मोठा ठेवणे हा त्याग ठरतो. सर्वांनी ठेवणे हा शहाणपणा. त्याग मागणे सोपे असते, पण न्याय सर्वांना एकाच वेळी बांधून घेतल्याशिवाय उभा राहत नाही.

दुसऱ्या मुलखाचे हत्यार आपल्या पाण्यात आले की काय होते, ह्याची मोठी उदाहरणे आपल्या किनाऱ्याने पाहिली आहेत. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे ह्यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ नींडकरा-शक्तिकुळंगरा परिसरात मासेमारी सुधारण्याचा प्रकल्प सुरू झाला. हेतू गावकऱ्यांचे भले करण्याचा होता. पुढे तेथे कोळंबीच्या निर्यातीसाठी यांत्रिक ट्रॉलर फोफावले. तळ खरवडत जाणाऱ्या त्या जाळ्यांनी काहींना धन दिले आणि वल्ह्याच्या होडीवाल्यांना उपाशी ठेवले. गोव्यात रापणकारांनी सत्तरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध लढा उभारला. मातान्ही साल्ढाणा ह्यांच्यासारखे शिक्षक त्याच्या अग्रभागी होते. त्या लढ्याची फलश्रुती म्हणून १९८० साली गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. १९८१ साली महाराष्ट्रातही तसा कायदा झाला. केरळात फादर थॉमस कोचेरी ह्यांनी आपले आयुष्य मच्छीमारांच्या संघटनेला वाहिले. ह्या सर्वांनी एकच प्रश्न विचारला होता: पाणी सर्वांचे असेल, तर एकाच्या जाळ्याने सर्वांचा उद्या का ओढून न्यावा? समुद्रावर हा प्रश्न विचारायला संघटना होत्या, धर्मगुरू होते, कायदा होता. सोलापूर जिल्ह्यातल्या ह्या पाण्यावर तो विचारणारा आवाज अजूनही क्षीण आहे.

तेराव्या अध्यायातला जाळ्याचा दाखला पुन्हा वाचावा. रापण समुद्रात टाकली जाते, ती सर्व जातींचे मासे गोळा करते, भरल्यावर किनाऱ्यावर ओढली जाते आणि मग बसून निवड होते. यहुदी नियमशास्त्रानुसार ज्याला खवले व पर नाहीत तो मासा वर्ज्य. गालीलमध्ये असा बिनखवल्याचा एक मासा आहे. शास्त्रीय नावाने पाहिले तर तो आपल्याकडचा आफ्रिकन मांगूरच. भारतात ह्या मांगुराच्या पैदाशीवर २००० सालापासून बंदी आहे, तरी उजनीच्या परिसरातल्या तळ्यांतून तो पुन:पुन्हा सापडतो आणि नष्ट केला जातो. तेव्हा गालीलच्या किनाऱ्यावर टोपलीत ठेवला जाणारा मासा आणि बाहेर फेकला जाणारा मासा, ह्या दोघांचीही भावकी आज भीमेच्या काठी नांदत आहे.

पण दाखल्याचा मर्म निराळा आहे. सर्वांना एकाच जाळ्यात ओढून शेवटी निवड करणे हे काम त्यात देवदूतांना दिलेले आहे. ते युगाच्या समाप्तीचे काम आहे. माणसाला ते जाळे दिलेले नाही. माणसाने किनाऱ्यावर बसून निवडायचे म्हटले तर फार उशीर झालेला असतो. वाळूवर मेलेले पिल्लू परत पाण्यात टाकून काय होणार? माणसाची निवड आधी व्हावी लागते, जाळे विणताना किंवा विकत घेताना, आस किती हे ठरवण्याच्या क्षणी. आपण कोणाला पकडणार ह्यापेक्षा कोणाला जाऊ देणार, हे त्या क्षणी ठरते. योहानाच्या शेवटच्या अध्यायात १५३ मासे ओढूनही जाळे फाटले नाही, असे सांगितले आहे. तेथे मासे मोजलेले आहेत आणि ते मोठे होते, हेही मुद्दाम नोंदवलेले आहे.

म्हणून परमुलखात निघालेल्या मच्छीमाराने काय न्यावे, ह्या प्रश्नाचे उजनीने दिलेले उत्तर असे सांगता येईल. हत्यार नेऊ नये. न्यायचेच असेल तर विणण्याची कला न्यावी. पहिला एक पावसाळा काठावर बसून पाणी पाहावे: वारा कोठून येतो, मासा कोणत्या थरात चरतो, तळाशी काय बुडालेले आहे. तेथे आधीपासून जगणाऱ्या माणसाचे जाळे पाहावे आणि त्याने काय सोडून दिले आहे तेही पाहावे. मगच आपले जाळे घ्यावे. आणि ज्याच्या दारात परमुलूख स्वत:च चालत आला, त्या भीमेच्या भोयाला हे सगळे शिकायला ना वेळ मिळाला, ना कोणी शिकवणारा. तरी तो शिकला, हे त्याचे श्रेय इतिहासाने नोंदवून ठेवावे.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात खोल उतरले होते. पाऊस आला आणि धरण पुन्हा भरले. दर वर्षीच्या ह्या एका भरतीवर काठावरची घरे जगतात. जाळ्याच्या डोळ्याला आपण आस म्हणतो, आणि मनातल्या आशेलाही मराठीत आसच म्हणतो. दोन्ही फार बारीक करू नयेत.